मर्मर ऐकताना: आधी काळ, मग जागा, मग झडप

छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर ठोक्यांच्या मध्ये जादा आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू आला की नवा विद्यार्थी लगेच झडपेचे नाव सांगून मोकळा होतो, आणि त्याचे उत्तर बरोबर येते तेव्हासुद्धा ते बरेचदा अंदाजाने आलेले असते. मर्मरवरून झडपेचा दोष ओळखायचा तर तीक्ष्ण कानापेक्षा क्रम पाळण्याची सवय जास्त उपयोगी पडते. मर्मर हृदयाच्या आकुंचनात आहे की प्रसरणात, हे ठरल्याशिवाय तो कुठे मोठा ऐकू येतो याला फारसा अर्थ नसतो, आणि आवाजाच्या मोठेपणावरून आजाराचे गांभीर्य ठरवणे तर सर्वांत फसवे. पुढील विवेचन इंटर्न, निवासी डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. घरातल्या कोणाच्या तपासणीच्या कागदावर 'मर्मर' हा शब्द वाचून माहिती शोधणाऱ्यालाही ते समजेल, मात्र त्याने ते वाचून घरच्या घरी निदान करू नये.

आवाज कशामुळे होतो, हे आधी स्पष्ट असावे. निरोगी हृदयातून रक्त जवळजवळ निःशब्द वाहते. अरुंद झालेल्या वाटेने ते वेगाने ढकलले जाते, किंवा नीट न मिटणाऱ्या झडपेतून उलट फिरते, तेव्हा प्रवाहात खळबळ होते आणि तिचा आवाज छातीपर्यंत पोहोचतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. निलये आकुंचन पावतात तेव्हा, म्हणजे सिस्टोलमध्ये, बाहेर जाण्याच्या वाटेवरील एऑर्टिक (महाधमनीच्या तोंडाशी) आणि पल्मनरी (फुप्फुसाकडच्या धमनीच्या तोंडाशी) झडपा उघड्या असतात, तर अलिंद आणि निलय यांच्या मधल्या मायट्रल (डावीकडची) आणि ट्रायकस्पिड (उजवीकडची) झडपा मिटलेल्या असतात. प्रसरणात, म्हणजे डायस्टोलमध्ये, नेमके उलटे असते. त्यामुळे सिस्टोलिक मर्मर ऐकू आला की बाहेरची वाट अरुंद आहे किंवा आतली झडप गळते आहे, एवढेच पर्याय उरतात. निलयांमधल्या पडद्याला असलेले छिद्र हा त्यांच्या जोडीचा तिसरा. डायस्टोलिक मर्मरमध्ये आतली झडप अरुंद असते किंवा बाहेरची गळत असते. हे पाठ करण्याची गरज नाही, दर वेळी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून मांडून काढता येते.

ऐकण्याआधीची तयारी

पंखा बंद करावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु बाह्यरुग्ण विभागातील छताच्या पंख्याची घरघर आणि मायट्रल झडप अरुंद झाल्यावर येणारा मर्मर यांचा सूर इतका जवळचा असतो की पहिल्यापुढे दुसरा हमखास हरवतो. रुग्णाची छाती उघडी असावी. कपड्यावरून ऐकलेल्या हृदयाबद्दल काहीही लिहू नये. 1816 मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच टाळण्यासाठी कागदाची गुंडाळी वापरली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. त्याच संकोचापोटी आज तो ब्लाउजवरून टेकवला जातो, ही मोठी गंमत आहे. स्त्रीरुग्णाची तपासणी परिचारिकेच्या उपस्थितीत, काय करणार आहोत ते आधी सांगून आणि आवश्यक तेवढाच पदर बाजूला घेऊन करावी. स्तन वर उचलून धरायला तिलाच सांगावे, कारण हृदयाच्या टोकाचा आवाज त्याखालीच मिळतो.

कान लावण्याआधी हात लावावा. छातीवर तळहात ठेवून हृदयाचे टोक कुठे धडकते ते पाहावे. ते साधारणपणे डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत, गळ्याखालच्या हाडाच्या मध्यातून खाली ओढलेल्या रेषेच्या आत लागते. त्याहून खाली आणि बाहेर सरकलेले असेल तर डावे निलय मोठे झाल्याची शंका घ्यावी. हाताला बारीक कंप जाणवतो का, तेही तेव्हाच पाहावे. नाडी दोन्ही हातांना, रक्तदाब आणि मानेतील शिरांची पातळी या तीन गोष्टींवरून अर्धे निदान होऊन जाते, आणि ते स्टेथोस्कोप खिशात असतानाच होते.

काळ ठरवणे

डाव्या हाताची दोन बोटे रुग्णाच्या मानेतील कॅरॉटिड धमनीवर हलकेच ठेवून उजव्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर धरावा. एका वेळी एकाच बाजूची धमनी दाबावी. बोटांना धमनीचा उठाव लागतो त्याच्या किंचित आधी ऐकू येतो तो पहिला ठोका, आणि उठाव ओसरल्यावर ऐकू येतो तो दुसरा. उठावाबरोबर येणारा मर्मर सिस्टोलिक, आणि दोन उठावांच्या मधल्या शांततेत येणारा डायस्टोलिक. मनगटावरची नाडी यासाठी वापरू नये, कारण तिथे लाट पोहोचेपर्यंत उशीर होतो. नाडी मिनिटाला साठ-सत्तर असताना डायस्टोल लांब असल्यामुळे कानाला फरक सहज कळतो, पण ती शंभराच्या वर गेली की दोन्ही अंतरे सारखी होतात आणि अनुभवी माणसालाही बोटांचाच आधार घ्यावा लागतो.

काळ ठरवताना मर्मर ऐकायचाच नाही, हा माझा आग्रह असतो. आधी फक्त पहिला ठोका ऐकावा: तो ठळक आहे की मंद? मग फक्त दुसरा: तो एकच आहे की दुभंगलेला, आणि श्वास आत घेताना दुभंग वाढतो का? त्यानंतर दोहोंमधली मोकळी जागा ऐकावी. ठोक्यांकडे लक्ष न देता मर्मरच्या मागे लागणाऱ्याला मर्मर सापडतो, पण त्याचा अर्थ लावायला लागणारा पुरावा हातचा निसटलेला असतो.

ऐकण्याच्या जागा चार सांगितल्या जातात. छातीच्या मधल्या हाडावर वरच्या बाजूला जो आडवा उंचवटा लागतो, त्याला दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्याखालची फट म्हणजे दुसरी. हाडाच्या उजव्या कडेला दुसरी फट ही एऑर्टिक झडपेची जागा, डाव्या कडेला तीच फट पल्मनरीची, डाव्या कडेला खालचा भाग ट्रायकस्पिडचा आणि हृदयाचे टोक मायट्रलचे. डावीकडची तिसरी फट मात्र विसरली जाते, आणि एऑर्टिक झडपेची गळती तिथेच उत्तम ऐकू येते. या जागांवर उड्या मारण्याऐवजी स्टेथोस्कोप बोटभर अंतराने सरकवत वरून टोकापर्यंत न्यावा, म्हणजे मर्मर कुठे वाढला, कुठे ओसरला आणि कोणत्या दिशेने पसरला हे कळते. स्टेथोस्कोपची सपाट बाजू, म्हणजे डायफ्रॅम, घट्ट दाबून उंच सुराचे आवाज ऐकावेत आणि वाटीसारखी बाजू, म्हणजे बेल, अलगद टेकवून खालच्या सुराचे.

आवाजाच्या मोठेपणाची 1 ते 6 ही श्रेणी सॅम्युअल लेव्हाइन यांनी 1933 मध्ये रूढ केली. पहिल्या श्रेणीचा मर्मर लक्ष देऊन थोडा वेळ ऐकल्यावरच सापडतो, तिसऱ्या श्रेणीपर्यंत हाताला कंप लागत नाही, चौथीपासून लागतो, आणि सहावीत स्टेथोस्कोप छातीपासून किंचित वर उचलला तरी आवाज येतो. ही श्रेणी लिहावी जरूर, कारण दोन तपासण्यांची तुलना तिच्यामुळे करता येते. परंतु ती आजाराची पायरी नव्हे. निलयांमधल्या पडद्याला लहानसे छिद्र असेल तर दाबातील फरक मोठा राहतो आणि चौथ्या श्रेणीचा खणखणीत मर्मर येतो, मूल मात्र पळत-खेळत असते. उलट एऑर्टिक झडप पार आकसलेली असून डावे निलय थकले असेल, तर त्या मरणपंथाला लागलेल्या रुग्णाचा मर्मर जेमतेम दुसऱ्या श्रेणीचा असतो.

आकुंचनातले मर्मर

सिस्टोलिक मर्मरमध्ये पहिला प्रश्न आकाराचा असतो: तो चढून उतरतो की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहतो?

एऑर्टिक झडप अरुंद होते तेव्हा पहिल्या ठोक्यानंतर क्षणभर थांबून मर्मर सुरू होतो, चढत जातो, शिखर गाठतो आणि दुसऱ्या ठोक्याआधी संपतो. तो खरखरीत असतो, उजवीकडे दुसऱ्या फटीत सर्वांत मोठा असतो आणि मानेकडे पसरतो. गांभीर्य तीन गोष्टींवरून ठरते. शिखर जितके उशिरा, तितकी झडप अधिक अरुंद. दुसरा ठोका जितका मंद, तितकी पाकळ्यांची हालचाल कमी. आणि कॅरॉटिड धमनीचा उठाव जितका संथ आणि दुबळा, तितका अडथळा मोठा. वयस्कर रुग्णाच्या कडक झालेल्या धमन्यांमुळे हा संथपणा लपतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. सत्तरीच्या माणसात हाच मर्मर हृदयाच्या टोकाशी गोड, सुरेल होऊन ऐकू येतो आणि मायट्रल झडप गळत असल्याचा भास करून देतो. अशा वेळी अनियमित नाडीचा उपयोग करून घ्यावा: चुकार ठोक्यानंतरच्या लांब विरामानंतर जो ठोका येतो त्यात एऑर्टिकचा मर्मर मोठा होतो, मायट्रल गळतीचा जवळजवळ तसाच राहतो. चालताना धाप लागणे, छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही या मर्मरच्या जोडीला असेल तर रुग्णाला जिने चढवून 'बघू या' असे म्हणू नये, सरळ हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, रक्ताचा वेग सेकंदाला 4 मीटर किंवा अधिक, अथवा झडपेचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरले, तर आजार तीव्र मानतात.

तरुण माणसात हाच दोष आढळला तर झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असण्याची शक्यता मोठी असते. पहिल्या ठोक्यापाठोपाठ येणारी टोकदार क्लिक तिची खूण. वृद्धांमध्ये झडप नुसती जाड झालेली असते आणि अडथळा नसतो, तेव्हा मर्मर लवकर शिखर गाठतो आणि दुसरा ठोका स्वच्छ राहतो.

एऑर्टिकसारख्याच मर्मरमागे कधी झडपेचा दोष नसतोच. हृदयाचा स्नायू, विशेषतः दोन निलयांमधला पडदा, जाड होऊन वाट अडवतो, तेव्हा मर्मर डाव्या कडेला खाली मोठा असतो आणि कॅरॉटिडचा उठाव संथ नसून झटकेदार असतो. रुग्णाला उकिडवे बसवून ऐकावे आणि मग चटकन उभे करून ऐकावे. उभे राहिल्यावर बाकीचे बहुतेक मर्मर लहान होतात, हा मोठा होतो. खेळताना कोसळणाऱ्या तरुणांमध्ये हा आजार शोधायचा असतो, म्हणून शालेय किंवा क्रीडा तपासणीत ही अर्ध्या मिनिटाची कसोटी घालायला हरकत नाही.

मायट्रल झडप गळते तेव्हा मर्मर पहिल्या ठोक्याला चिकटून सुरू होतो, दुसऱ्यापर्यंत एकसारखा राहतो, टोकाशी सर्वांत मोठा असतो आणि काखेकडे जातो. पहिला ठोका मंद असतो, आणि गळती मोठी असेल तर दुसऱ्यानंतर एक जादा, तिसरा ठोका ऐकू येतो. या तिसऱ्या ठोक्याला आणि खाली-बाहेर सरकलेल्या टोकाला मर्मरच्या मोठेपणापेक्षा अधिक किंमत द्यावी. काखेकडे जाणे हा नियमही अटळ नाही: मागची पाकळी सैल झाली असेल तर रक्ताची चिळकांडी पुढे वळते आणि मर्मर एऑर्टिकच्या जागेपर्यंत चढतो. पाकळी उलट्या बाजूला फुगत असेल तर सिस्टोलच्या मध्यावर क्लिक येते आणि मर्मर तिथून पुढे सुरू होतो. उभे राहिल्यावर क्लिक आणि मर्मर दोन्ही पहिल्या ठोक्याच्या जवळ येतात, उकिडवे बसल्यावर दूर जातात.

ट्रायकस्पिड झडपेची गळती तशीच एकसारखी असते, पण छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खाली, आणि श्वास आत घेताना ती वाढते. श्वास रोखायला सांगू नये, शांतपणे खोल श्वास घेत राहायला सांगावे. उजव्या बाजूचे बहुतेक मर्मर श्वास आत घेताना वाढतात, कारण त्या क्षणी उजवीकडे जास्त रक्त येते. मानेच्या शिरेत प्रत्येक ठोक्याबरोबर उसळणारी मोठी लाट आणि यकृताला जाणवणारी धडधड दिसली तर मर्मर अगदी मंद असला तरी निदान पक्के समजावे. ही झडप स्वतः बिघडलेली क्वचितच असते. डाव्या बाजूच्या आजाराने किंवा फुप्फुसांतील वाढलेल्या दाबाने उजवे निलय फुगते आणि ती ताणली जाते, म्हणून मूळ कारण दुसरीकडे शोधावे.

डावीकडच्या दुसऱ्या फटीत चढून उतरणारा मर्मर पल्मनरी झडप अरुंद असल्याचा असू शकतो. त्याच जागी मऊ मर्मर असून दुसरा ठोका श्वासाच्या दोन्ही टप्प्यांत सारखाच दुभंगलेला राहिला, तर अलिंदांमधल्या पडद्याचे छिद्र शोधावे. या छिद्रातून जाणारे रक्त आवाज करत नाही. मर्मर येतो तो निरोगी पल्मनरी झडपेतून जादा रक्त जाते म्हणून. दुभंगाकडे लक्ष दिले नाही तर हे निदान चाळिशीपर्यंत राहून जाते.

प्रसरणातले मर्मर

डायस्टोलिक मर्मर मंद असतात, शोधल्याशिवाय सापडत नाहीत आणि कधीही निरुपद्रवी धरायचे नसतात. तो ऐकू आला की इको करायलाच हवा.

आपल्याकडे यांपैकी सर्वांत महत्त्वाचा मायट्रल झडप अरुंद झाल्याचा. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा सुजल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, मुख्यतः 5 ते 15 या वयात, संधिवाताचा ताप येतो आणि झडपेच्या पाकळ्या हळूहळू जाड होऊन एकमेकींना चिकटतात. पाश्चात्त्य पुस्तकांत या प्रक्रियेला दशके लागतात असे लिहिलेले असे. भारतात ती विशीच्या आतही पूर्ण होते, हे दिल्लीच्या सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडले. म्हणून तरुण मुलीच्या धापेचे कारण रक्तक्षय ठरवण्याआधी तिला डाव्या कुशीवर वळवून ऐकणे आवश्यक आहे.

सहावा महिना लागलेली, रात्री आडवे पडल्यावर खोकला येणारी, दोन उशा घेऊन झोपणारी गर्भवती डोळ्यांसमोर आणावी. गर्भारपणात रक्ताचे आकारमान 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, नाडी वेगवान होते, आणि आजवर निभावून नेणारी अरुंद झडप याच काळात उघडी पडते. तिला डाव्या कुशीवर वळवावे आणि बोटाने टोकाची धडक शोधावी. ती टकटक केल्यासारखी लागते. बोट जिथे आहे तिथेच बेल ठेवावी, त्वचेला जेमतेम टेकेल इतकी. पहिला ठोका ठळक ऐकू येईल. दुसऱ्या ठोक्यापाठोपाठ एक लहान, टोकदार आवाज येईल, तो ओपनिंग स्नॅप: ताठ पण अजून हलणारी झडप झटक्याने उघडल्याचा. त्यानंतर पलीकडच्या घरात कोणी जाते ओढत असावे तशी खालच्या सुराची घरघर सुरू होईल आणि पुढच्या पहिल्या ठोक्याच्या लगेच आधी किंचित चढेल. आता बेल जोरात दाबून पाहावी. घरघर नाहीशी होते, कारण ताणलेली त्वचाच डायफ्रॅमचे काम करू लागते आणि खालचा सूर गाळला जातो. पुन्हा सैल सोडावी, घरघर परत येते. हा अनुभव ज्याने घेतला त्याला हा मर्मर पुन्हा शिकवावा लागत नाही. ऐकू आला नाही तर तिला चार-पाचदा खोकायला सांगून पुन्हा ऐकावे.

या मर्मरचे गांभीर्य त्याच्या लांबीवरून आणि दुसरा ठोका व स्नॅप यांच्यामधल्या अंतरावरून ठरते: मर्मर जितका लांब आणि अंतर जितके कमी, तितकी झडप अधिक अरुंद. निरोगी झडपेचे क्षेत्रफळ 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते, ते 1.5 पर्यंत आले की आजार तीव्र. नाडी पूर्ण अनियमित झाली, म्हणजे अलिंद थरथरू लागले, तर शेवटचा चढ नाहीसा होतो. ठळक पहिला ठोका आणि स्पष्ट स्नॅप ही एका अर्थी चांगली बातमी असते, कारण पाकळ्या अजून लवचिक असतात आणि कांजी इनोउए यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन, झडप रुंद करता येण्याची शक्यता असते. गरज पडल्यास हे गर्भारपणातही केले जाते.

एऑर्टिक झडपेची गळती अगदी वेगळी ऐकू येते. दुसऱ्या ठोक्याला लागून सुरू होणारा, उंच सुराचा, श्वासासारखा मऊ आणि ओसरत जाणारा हा मर्मर झोपलेल्या रुग्णात हमखास सुटतो. रुग्णाला बसवून पुढे झुकवावे, पूर्ण श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगावे, आणि डायफ्रॅम डावीकडच्या तिसऱ्या फटीत घट्ट दाबावा. आपणही श्वास रोखावा, नाहीतर स्वतःच्याच श्वासाचा आवाज मध्ये येतो. हा मर्मर हाडाच्या डावीपेक्षा उजव्या कडेला मोठा असेल, तर दोष पाकळ्यांपेक्षा महाधमनीचे मूळ फुगल्याचा असण्याची शक्यता अधिक. रुग्ण उंच, लांब बोटांचा असेल तर मार्फान सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करावा. जुनाट मोठ्या गळतीत रक्तदाबाचे दोन आकडे एकमेकांपासून दूर जातात, उदाहरणार्थ 160 आणि 50, आणि मनगटावरची नाडी हात वर उचलल्यावर उसळून कोसळल्यासारखी लागते. मान डोलणे, नखाखाली रक्ताची लाट दिसणे अशी आणखी डझनभर चिन्हे परीक्षेत विचारली जातात. रक्तदाबाचे यंत्र त्या सर्वांपेक्षा जास्त सांगते, असे माझे मत आहे.

मोठ्या एऑर्टिक गळतीत टोकाशी मायट्रलसारखी घरघरही ऐकू येऊ शकते, हे ऑस्टिन फ्लिंट यांनी 1862 मध्ये नोंदवले. तिथे पहिला ठोका ठळक नसतो आणि स्नॅप नसतो, एवढ्यावरून फरक करावा. मात्र संधिवाताच्या तापाने दोन्ही झडपा एकाच रुग्णात बिघडलेल्या असणे आपल्याकडे इतके नेहमीचे आहे की 'एक रुग्ण, एक झडप' हा पुस्तकी नियम इथे बाजूलाच ठेवावा. मायट्रल फार अरुंद असेल तर पुढे कमी रक्त जाते आणि एऑर्टिकची लक्षणे दबून राहतात.

सतत चालणारा मर्मर, आणि काही नसलेला

दुसऱ्या ठोक्यावरून न थांबता पुढे जाणारा, डाव्या गळ्याखालच्या हाडाशी ऐकू येणारा मर्मर जन्मानंतर बंद व्हायला हवी असलेली धमनी उघडी राहिल्याचा असतो. लहान मुलांमध्ये मानेतील शिरांचा गुणगुणाटही सतत ऐकू येतो. मूल आडवे केले किंवा मानेवर बोट हलके दाबले की तो गायब होतो.

मुलांमधले बहुतेक मर्मर निरुपद्रवी असतात. तीन ते सात वर्षांच्या मुलात डाव्या कडेला खाली छोटासा, कंप पावणारा, सुरेल सिस्टोलिक मर्मर असेल, बसवल्यावर तो कमी होत असेल, दोन्ही ठोके स्वच्छ असतील, वजन आणि नाडी योग्य असतील आणि मूल दूध पिताना किंवा खेळताना दमत नसेल, तर पालकांना धीर द्यावा. ताप, रक्तक्षय आणि गर्भारपण यांतही असाच मऊ मर्मर येतो, म्हणून हिमोग्लोबिन पाहून आणि ते सुधारल्यावर पुन्हा ऐकून मग ठरवावे. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापाने होणारा हृदयरोग हे दोन्ही शोधायचे असतात. त्या तपासणीत रांगेतल्या प्रत्येक मुलाला एकदा आडवे आणि एकदा बसवून ऐकणे शक्य असते.

स्टेथोस्कोपची मर्यादाही इथेच सांगायला हवी. कंबोडिया आणि मोझांबिकमधील शाळकरी मुलांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, केवळ तपासून सापडलेल्या मुलांच्या सुमारे दहापट मुलांमध्ये इकोने झडपेचा दोष दाखवला. याची दुसरी बाजू अशी की अनेक निरोगी माणसांच्या इकोमध्ये 'ट्रिव्हियल एमआर' (मायट्रलची नगण्य गळती) किंवा 'माइल्ड टीआर' (ट्रायकस्पिडची सौम्य गळती) असे लिहिलेले असते, आणि तो कागद घेऊन लोक घाबरून येतात. मर्मर नाही, ठोके स्वच्छ आहेत, कप्पे योग्य आकाराचे आहेत आणि झडपेची रचना चांगली आहे, तर अशा किंचित गळतीला औषध लागत नाही.

त्याच दिवशी पाठवायचे रुग्ण

ताप आणि नवा किंवा बदललेला मर्मर एकत्र दिसले की झडपेला जंतुसंसर्ग झाला आहे असे धरून चालावे, आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागांवरून रक्ताचे तीन नमुने कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, घ्यावेत. तापाला म्हणून दिलेल्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी कल्चर निर्जंतुक येते आणि नेमके औषध ठरवणे कठीण होऊन बसते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही दिवसांनी अचानक धाप आणि नवा सिस्टोलिक मर्मर आला तर मायट्रल झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला आहे किंवा निलयांमधला पडदा फाटला आहे. अशा अचानक झालेल्या मायट्रल गळतीचा मर्मर आखूड आणि मऊ असतो, कधी नसतोच, म्हणून मर्मर नाही यावर विसंबू नये. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ, दोन हातांच्या रक्तदाबात फरक आणि एऑर्टिक गळतीचा मर्मर असे एकत्र दिसले तर महाधमनीचा थर फाटलेला असू शकतो. ईसीजी पाहून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याआधी हा मर्मर ऐकणे जीव वाचवू शकते.

कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाचे वेगळे आहे. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली आणि 1990 मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलेली चित्रा झडप किंवा इतर कोणतीही धातूची झडप मिटताना खणखणीत क्लिक देते, आणि रात्रीच्या शांततेत ती रुग्णाला आणि शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. ती क्लिक दबली किंवा थांबली, असे रुग्ण सांगत असेल तर झडपेवर रक्ताची गुठळी बसली असल्याची शंका घेऊन तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या मध्ये चुकल्या होत्या का आणि त्यांचा परिणाम मोजणारा आयएनआर शेवटी किती होता, हे दोन प्रश्न रुग्णवाहिका येईपर्यंत विचारून घ्यावेत.

चिठ्ठीत काय लिहावे

'हृदयात मर्मर आहे, पुढील उपचारासाठी पाठवत आहे' या वाक्यातून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. काळ, आकार, जागा, पसरण्याची दिशा, श्रेणी आणि कोणत्या स्थितीत बदल झाला, हे एका ओळीत बसते. उदाहरणार्थ: 'वय 22, गर्भारपणाचा सहावा महिना; नाडी 104, नियमित; पहिला ठोका ठळक; ओपनिंग स्नॅप आहे; टोकाशी डाव्या कुशीवर डायस्टोलिक घरघर, लांब; मानेच्या शिरा भरलेल्या नाहीत; हिमोग्लोबिन 9.2, मायट्रल झडप अरुंद असल्याची शंका.' संधिवाताच्या तापाचा पूर्वेतिहास असेल, तर बेन्झाथिन पेनिसिलिनची इंजेक्शने दर 21 दिवसांनी चालू आहेत का, हेही लिहावे, कारण झडपेत दोष राहिलेल्या रुग्णाला ती किमान 10 वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांपैकी जे जास्त असेल तितका काळ, घ्यावी लागतात, आणि रुग्णालय बदलले की नेमकी तीच थांबतात. शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला झाले आणि पुढचे कधी द्यायचे आहे, हे चिठ्ठीच्या तळाशी वेगळ्या ओळीवर लिहावे.